उतार क्रमांक सतरा

भूगोलाच्या परिषदेत पेपर कुणी ऐकत नाही. सात परिषदा केल्यावर मी हे छातीठोकपणे सांगू शकते. लोक येतात ते नोंदणीची पिशवी, दुपारचं जेवण आणि समारोपाला मिळणारं प्रमाणपत्र यांच्यासाठी. आता २०३७ साल उजाडलं. भाषणं कानातल्या यंत्रातून हव्या त्या भाषेत ऐकू येतात, गोषवारे मशीन लिहितं आणि मशीनच तपासतं. पण पिशवीत अजून तोच लेटरपॅड आणि तेच न उठणारं पेन. आमच्या नौशादनं तर अशा पिशव्यांत विभागाच्या सगळ्या केबली भरून ठेवल्यात.

त्यामुळं जानेवारीत चिपळूणच्या एका कॉलेजात राज्यस्तरीय परिषदेला आम्ही निघालो तेव्हा मला कसली धाकधूक नव्हती. आम्ही तिघं होतो. गटाच्या प्रमुख हुपरीकर मॅडम, यंत्र सांभाळणारा नौशाद मुजावर आणि मी, अवंती थोरवत, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला लटकलेली आणि तासिका तत्त्वावर शिकवून दिवस काढणारी. पंधरा मिनिटं बोलायचं, दोन भोचक प्रश्न झेलायचे, सोलकढी पिऊन परत घाट चढायचा, एवढाच माझा बेत. हा पेपर म्हणजे माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होतं. तो वाचून झाला की प्रबंध सादर करायचा. मॅडमनी तारीखसुद्धा देऊन टाकली होती, दहा मार्च.

आमच्या यंत्राला कागदोपत्री हातभर लांब नाव आहे. आम्ही त्याला काटा म्हणतो, कारण ते डोंगराचं वजन करतं. डोंगर काही उचलून पारड्यात ठेवता येत नाही. पण प्रत्येक वस्तू दुसरीला आपल्याकडं ओढते, आणि डोंगरात पाण्याची भर पडली की त्याची ओढ केसभर वाढते. ती केसभर वाढ मोजायला काट्यात रुबिडियम नावाच्या धातूचे काही लाख अणू असतात. लेसरनं ते इतके गार करायचे, की त्यांची धावपळ जवळजवळ थांबते. मग निर्वात नळीत ते सोडून द्यायचे आणि किती वेगानं पडतात ते बघायचं. खाली पाणी साठलं असेल तर ते किंचित जास्त वेगानं पडतात. किंचित म्हणजे अब्जाव्या भागाइतकं. पूर्वी असलं यंत्र खोलीभर असायचं. नौशादचा काटा प्रेशर कुकरएवढा आहे आणि ड्रोनला टांगून उडतो.

उन्हाळ्यात एकदा उडवायचा आणि पावसाळ्यात दर बुधवारी. दोन वजनांतला फरक म्हणजे डोंगर प्यायलेलं पाणी. कोकणातल्या पुष्कळ डोंगरांवर वर जांभा दगड, त्याखाली पांढरट चिकणमाती आणि तळाला काळा पाषाण असतो. पाणी जांभ्यातून झिरपतं आणि चिकणमातीवर येऊन अडतं. ते फार झालं की ती माती बुळबुळीत होते, आणि वरचा सगळा बोजा, झाडं, गोठे, घरं, खाली घसरतो. कोणता उतार किती पाणी प्याला की सुटतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

आता आमच्या गटाची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. आम्ही साठ उतार मोजतो, पण ते कुठल्या गावचे हे आम्हाला माहीत नसतं. गटाच्या पहिल्याच वर्षी एका गावाचं नाव फुटलं होतं. ते नाव मी अजूनही घेणार नाही. 'डोंगर सुटणार' अशी बातमी आली आणि महिन्याभरात तिथल्या तीन मुलींची ठरलेली लग्नं मोडली. दोन घरांनी मिळेल त्या भावाला जमिनी फुंकल्या. मग कळलं, की काट्यातला एक आरसा तिरका बसला होता आणि डोंगर धडधाकट होता. तो अजून उभा आहे. मोडलेली लग्नं काही जुळली नाहीत. मॅडम त्या प्रत्येक घरी जाऊन हात जोडून आल्या आणि आल्या आल्या त्यांनी नियम केला. ड्रोन पेटीतून आपोआप उडतील. पेट्या बसवायला बाहेरची माणसं. कॅमेरा बंद. उतारांना नुसते क्रमांक. नावांची यादी मोहोर लावून कुलगुरूंच्या कपाटात, आणि निकाल पक्का होईपर्यंत ती आम्हीसुद्धा बघायची नाही. कुण्या ओळखीच्या गावाला झुकतं माप जायला नको, हेही त्यात होतं. "नाव झाकून काम करायचं," मॅडम म्हणायच्या. मला हा नियम फार आवडायचा. एकदम स्वच्छ वाटायचं.

माझं सत्र जेवणानंतरचं. खोलीत तीसेक माणसं, त्यांतली निम्मी पेंगत होती. मी उतार क्रमांक सतराचा नकाशा पडद्यावर लावला. सतरा माझा लाडका. त्याच्या आकाराचा साधा उतार पावसाळ्याच्या शेवटी पंधरा हजार टन पाणी पितो. सतरा आधी तेवढंच प्यायचा, मग तीन वर्षांत तीन पायऱ्यांनी चढला आणि गेल्या वर्षी एकतीस हजारांवर पोचला. पस्तीसला माती सुटते, हे आधी घसरलेल्या उतारांवरनं आम्हाला माहीत होतं. हे वाढीव पाणी बसतं कुठं? माझं उत्तर होतं, जांभ्याच्या पोटात बंद पोकळ्या आहेत आणि त्या एकेक करून उघडतायत. असं अजून कुणी दाखवलेलं नव्हतं. प्रबंधाचा सगळा जीव त्या पोकळ्यांत होता. मी निष्कर्ष वाचला, की ही वाढ थांबवणं माणसाच्या हातात नाही, उतार पाच वर्षांत सुटेल आणि खालची वस्ती कायमची हलवावी.

तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, छातीवर परिषदेचा बिल्ला. हातबित काही वर केला नाही.

"हे खिरणकोंड आहे," ते म्हणाले.

"प्रश्न विचारा, विधानं नकोत," सत्राध्यक्षांनी घड्याळाकडं बघत सांगितलं.

"माझा प्रश्नच तो आहे, साहेब. हे आमचं खिरणकोंड आहे. हा वहाळ इथं डावीकडं वळतो. ही खिंड. आणि ही एकशे ऐंशीची रेषा आत वळलीय, तिथं आमची गुरं दुपारी बसतात. अठरा वर्षं नववीच्या मुलांकडनं मी हाच नकाशा काढून घेतोय."

माझे कान तापले. आम्ही गावाचं नाव पुसलं होतं, तालुका पुसला होता, अक्षांश-रेखांश पुसले होते. समोच्च रेषा मात्र जशाच्या तशा ठेवल्या होत्या, आणि त्याही भूगोलवाल्यांनी भरलेल्या खोलीत. ओळखपत्रावरचं नाव खोडावं आणि फोटो तसाच ठेवावा, तसली गत.

हुपरीकर मॅडम उठल्या. "सर, हा कुठल्या गावचा नकाशा आहे हे आम्हालाही माहीत नाही. त्यामुळं हो किंवा नाही, काहीच सांगता येणार नाही."

"तुम्हाला माहीत नसेल. मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्रेचाळीस घरं आहेत." आणि खाली बसले. पुढचा पेपर कृषी पर्यटनावर होता.

चहाच्या वेळी मी त्यांना टाळायला बघत होते, पण तेच समोर आले. कपात चहा तसाच, बशीतली दोन बिस्किटं तशीच. त्यांचं नाव दत्ताराम मांडवकर, खिरणकोंडच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. ते ड्रोन दर बुधवारी यायचं, गावाला वाटायचं हवामानखात्याचं असेल.

"मॅडम, तुमचं चुकलंय असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण वाडी उठायची म्हणजे जायचं कुठं आम्ही? आणि आत्ता कुठं पाणी आलं होतं हो."

"पाणी?"

त्यांचा चेहरा जरा उजळला. फोन काढून ते मला फोटो दाखवायला लागले. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. त्याच्या कडेनं उतारावर आडवे खणलेले चर, एकाखाली एक. कुदळी घेतलेल्या बायका, टोपल्या, घामाघूम माणसं. "आमचा झरा फेब्रुवारीत आटायचा. पुढं जूनपर्यंत बायका खालच्या वहाळात उतरायच्या आणि हंडे घेऊन चढायच्या. मी वर्गात समोच्च रेषा शिकवत होतो. मनात आलं, नुसत्या वहीत काढून काय उपयोग? जमिनीवर काढू. पहिल्या उन्हाळ्यात वाडीनं साठ चर खणले. दुसऱ्या उन्हाळ्यात पंच्याऐंशी. तिसऱ्यात सदुसष्ट. पाऊस चरात थांबतो, मुरतो. आता झरा मे महिन्यातसुद्धा वाहतो. जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला आम्हाला."

साठ, पंच्याऐंशी, सदुसष्ट. माझ्या आलेखाच्या तीन पायऱ्या मला झोपेतसुद्धा पाठ होत्या. साडेचार हजार टन, सहा हजार चारशे, पाच हजार. कागदपेन्सिल लागलीच नाही. चरामागं पंचाहत्तर टन, तिन्ही वर्षं.

डोंगराच्या पोटात पोकळीबिकळी काही नव्हती. माझी पाच वर्षं या माणसानं फोनवरच्या सहा फोटोंत निकालात काढली होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. आपण खणलेल्या चरांनीच वाडीवर हे ओझं आणून ठेवलंय, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मला सांगायला लाज वाटते, पण मी गप्प बसले. "चहा गार होतोय, सर," एवढं म्हटलं आणि तिथनं सटकले. डोक्यात दहा मार्च होता. मी स्वतःची समजूत घालत होते, की चर कुणाच्याच माहितीत नाहीत, यादी कपाटात आहे, निकाल लागेल तेव्हा वाडी नव्या जागी जाईल. मरणार तर कुणी नाही. पक्की घरं मिळतील. झऱ्याचं काय, नळ मिळेल. असं सगळं मी दहा मिनिटांत जमवलं. माणूस स्वतःच्या सोयीचं किती भराभर जमवतो ते त्या दिवशी कळलं.

नौशाद नोंदणीच्या टेबलाशी एक जास्तीची पिशवी पदरात पाडून घेत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय गं, आरसा तिरका बसल्यागत तोंड का झालंय?"

मी त्याला सांगून टाकलं. आत ठेवणं जमेना. त्यानं एकदाच भागाकार केला आणि पिशवी खाली ठेवली.

"मॅडमना कधी सांगतेस?"

"सांगितलंच पाहिजे का?"

तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. "तू नाही सांगितलंस तर मी सांगणार. पण तुझं आहे ते, अवंती. तूच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहाच्या ओसरीवर मॅडम घावन खात बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं ओतलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. घावनाचा तुकडा चटणीत तसाच राहिला.

"कॅमेरा चालू असता तर पहिल्याच वर्षी चर दिसले असते," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या गावाशी चुकले, म्हणून मी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. वर त्याला शिस्त म्हणत राहिले. एक फेरी मारली असती कुणी, तर कळलं असतं."

"आणि माझा प्रबंध, मॅडम?"

"पोकळ्यांचं प्रकरण गेलं. ते काही वाचवता येणार नाही आता. दोन वर्षं जातील, कदाचित जास्तच. मी आहे." असं म्हणून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि मी चांगली हमसून रडले. रडताना एकीकडं हलकंही वाटत होतं, हे खरं सांगते.

मांडवकर सरांना मात्र मलाच सांगायचं होतं. ते कॉलेजच्या पायऱ्यांवर परिषदेची स्मरणिका वाचत बसले होते.

"सर, डोंगर आपोआप जड झालेला नाही. जास्तीचं पाणी चरांतनं मुरलंय. जेवढे चर, तेवढं वजन. मी मांडून बघितलं."

त्यांना समजायला वेळ लागला नाही, शेवटी भूगोलाचेच शिक्षक. त्यांनी स्मरणिका मिटली. "म्हणजे मीच," ते म्हणाले. "लोकांच्या डोक्यावर मीच आणून ठेवलं. मुलांना घेऊन, गाणी म्हणत."

"झराही तुम्हीच आणला, सर. आणि माणसानं ठेवलेलं असेल तर माणसाला काढता येतं. कालपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते, की काहीच करता येणार नाही."

"मग चला," ते उठले. "आत्ताच चला. मला एकट्याला वाडीत तोंड दाखवणं जमणार नाही."

पेच एवढाच होता, की समारोपाला सही केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय त्यांची दोन दिवसांची रजा मंजूर व्हायची नाही. मॅडम थेट आयोजकांकडं गेल्या. कसं पटवलं ठाऊक नाही, पण दहा मिनिटांत प्रमाणपत्र घेऊन आल्या. त्यावर नाव दत्तात्रय मांडवडकर असं पडलं होतं. सर म्हणाले, असू दे.

खिरणकोंडला पोचायला दोन तास लागले. डोंगराच्या पायाशी दाटीनं घरं, मागं काजू, त्यावर तो उतार. त्याच्या रेषा मला हाताच्या रेषांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या, आणि प्रत्यक्षात मी तो पहिल्यांदा बघत होते. आम्ही वर चढलो. वाळलेल्या गवतात ते चर होतेच, गुडघ्याएवढे खोल, लांबच लांब, एकसारखे. फार सुंदर काम होतं. नौशाद एका चरात उतरून नुसता उभा राहिला.

तिसऱ्या प्रहरी वाडी झऱ्यापाशी जमली. बोलायचं मॅडमनी ठरवलं होतं, पण मांडवकर सरांनी त्यांना थांबवलं. त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "चर बुजवायला पाहिजेत. चूक माझी. पहिली कुदळ मी मारतो."

 मग सुगंधाताई गोताड पुढं आल्या. साठीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेला. पहिल्या साठांतले चार चर त्यांच्या घरानं खणलेले, हे मला नंतर कळलं.

"बुजवायचे म्हणजे?" त्या म्हणाल्या. "सर, तुमी शिकवलंत म्हणून खणले. आता तुमीच सांगता म्हणून बुजवू? हंडा तुमच्या डोक्यावर होता काय?"

"सुगंधाताई, डोंगर खाली आला तर झरा काय उपयोगाचा?"

"डोंगर येईल तेवा येईल. तहान रोज लागते."

मी मध्ये पडले. समजावून सांगितलं, आकडे सांगितले, एकतीस आणि पस्तीस यांत एका मोठ्या पावसाचंच अंतर आहे म्हटलं, पस्तीस हजार टनांना काय होतं ते हातवारे करून दाखवलं. माझा आवाजही चढला असणार. सुगंधाताई शांतपणे ऐकत होत्या.

"बाय माझी," त्या म्हणाल्या, "तुमचा काटा सांगतो, डोंगर किती प्याला. बरोबर?"

"हो."

"मग किती प्याला तर चालेल, ते पण सांगेल ना? पोट बिघडलं म्हणून कोणी पोराचं जेवण कायमचं बंद करत नाय. बघून वाढतो."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि मी मॅडमकडं. सात वर्षं आम्ही साठ उतारांना एकच प्रश्न विचारत होतो, कधी सुटणार? किती पाजलं तर सुटणार नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर आमच्याच आलेखात पडलेलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर डोंगर पंचवीस-सव्वीस हजारांवर होता आणि तेव्हा माती घट्ट होती.

"दुसऱ्या वर्षी झरा कधीपर्यंत वाहिला?" मी विचारलं.

"मे अर्धा होईपर्यंत," तीन-चार बायका एकदम म्हणाल्या.

"मग पंचवीस हजार. पंचवीसच्या वर जाऊ द्यायचं नाही."

बाकीचं तिथंच बसून ठरलं. चर बुजवायचे नाहीत. प्रत्येक चराच्या टोकाला एक नळी बसवायची आणि नळीला बूच. बूच लावलेलं असेल तर पाणी थांबून मुरेल. बूच काढलं की मुरायच्या आत कडेच्या वहाळाला लागेल. काट्याचा आकडा बघून बुचं काढायची किंवा लावायची. नौशाद म्हणाला, त्याच्याकडं पहिल्या पिढीचा एक जुना काटा आहे, उडवायला जड पडतो, पण शाळेच्या कोठीत बसवायला उत्तम. आरसा तो स्वतः तपासणार.

"एक अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांना बोलताना जड जात होतं. "हे केलं की तुमच्या गावाचं नाव बाहेर येणार. एका गावाचं आमच्याकडनं असंच बाहेर आलं होतं. तिथं लग्नं मोडली."

सुगंधाताईंनी मागं वळून बायकांकडं बघितलं. दोघी-तिघींनी माना हलवल्या. "पाणी नव्हतं तेवा पण मोडायचीच," त्या म्हणाल्या. "तुमी नाव छापा. पण नुसतं डोंगर पडणार असं नको. खिरणकोंडवाले डोंगर सांभाळतात, असं पण छापा. पहिलं खोटं नाय आणि दुसरं पण नाय."

मॅडमनी परत आल्यावर कुलगुरूंच्या कपाटातली यादी उघडायला लावली. साठही गावांत माणसं पाठवली आणि कॅमेरे चालू केले. ते काम अजून चाललंय, आणि सगळीकडं बुचं लावून भागणार नाही. दोन वाड्या हलवाव्या लागणार आहेत. दहा मार्चला मी विभागात रिकामी बसून होते. एप्रिलपासून मात्र आठवड्यातले तीन दिवस खिरणकोंडला जायला लागले. नळ्या मोजल्या, उतार तपासले, मांडवकर सरांच्या नववीच्या वर्गाला चरामागं पंचाहत्तर टनांचं गणित शिकवलं. सुगंधाताईंनी त्रेचाळीस घरांत दोनशे बारा चर वाटून दिले. शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी आकडा लिहायचा असं ठरलं, आणि कमीजास्त झालं तर मला फोन करायचा. ही शेवटची अट माझी होती.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कोकणावर ढग येऊन बसले. मंगळवारी दुपारी आकडा तेवीस होता. हवामानखात्यानं चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरचा इशारा दिला. संध्याकाळी तिकडचं नेटवर्क गेलं आणि माझ्या पडद्यावर आकडा यायचा थांबला. बुधवारी सातलाच मी विभागात जाऊन बसले. सरांचा फोन बंद. शाळेचा बंद. ग्रामपंचायतीचा लागत होता, पण उचलत कुणी नव्हतं. नौशाद गाडी काढायला तयार होता, तर घाट बंद. मी खुर्चीत बसून त्रेचाळीस घरं मोजत होते. कुठल्या घरात कोण असतं ते आता मला तोंडपाठ होतं, आणि इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. हे लोक नकाशावर नुसते चौकोन होते तेव्हा मी किती निवांत होते.

साडेनऊला सुगंधाताईंचा फोन लागला.

"काय गं बाय?"

"ताई, बुचं काढा," मी म्हटलं. "सगळी काढा, आत्ताच्या आत्ता. काट्याकडं बघू नका, पाऊस..."

"काढली की."

"कधी?"

"काल सांजेला. आकडा चोवीसवर गेला आणि पावसाचं थांबायचं लक्षण नव्हतं. उजेड होता तोवर सगळी जणं वर जाऊन आली. आपापली काढली. कदमांच्या घरातली दोघं पण मुंबईला गेलेत, त्यांची माझ्या सुनेनं काढली. दोनशे बारा मोजून घेतली."

"आणि आज आकडा किती?"

"चोवीसच हाय. वहाळाला पाणी बघायला पाहिजे तुमी, काठाबाहेर गेलंय. सर तापानं झोपलेत, त्यांना उठवलं नाय."

 माझ्या तोंडून निघाला तो रागच. "अहो, मला एक फोन तरी करायचा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. ठरलं होतं ना आपलं, विचारून करायचं?"

"नेटवर्क कुठं होतं?" त्या म्हणाल्या. आणि समजुतीच्या आवाजात, "आणि विचारायचं काय गं त्यात? काटा हितं, डोंगर हितं, आमी हितं. तू जेवलीस का काल?"

मी नाही म्हणाले.

"मग जा आधी काहीतरी खा. मला भाकऱ्या टाकायच्यात." आणि त्यांनी फोन ठेवला.

नौशाद दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता. काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. मी एकीकडं हसत होते आणि एकीकडं डोळे पुसत होते. खिरणकोंडचं माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं, आणि इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.